वरवंटा, एक नग

आधी नाव लिहितो, मग बाकीचं. आक्का. पूर्ण नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्याची गरजही नव्हती. आक्का म्हटलं की चिठ्ठी पोचायची. कोल्हापुरात मला डोक्यावर छप्पर, ताटात भाकरी आणि हाताला अक्षर, ह्या तिन्ही गोष्टी आक्कांनी दिल्या. त्यातल्या तिसऱ्या गोष्टीनं मी त्यांचंच नुकसान केलं. ते कसं, ते सांगायला बसलोय. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. शाळा सातवीत सुटली, आणि अजूनही यादीपेक्षा जास्त काही लिहायचं म्हटलं की तळहाताला घाम येतो.

मी वाशिमकडचा. नाव मारोती, इकडं आल्यावर मारुती झालो. बाविसाव्या वर्षी एका मांडववाल्याच्या टोळीबरोबर कोल्हापुरात आलो आणि पहिल्याच महिन्यात आक्कांच्या दारासमोर लग्नाचा मांडव घालताना वाशावरून पडलो. उजवं मनगट मोडलं. टोळी पुढच्या गावाला गेली आणि मी हात गळ्यात बांधून त्यांच्या पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसलेला बघून त्या बाहेर आल्या.

"कुठला रं तू?"

"वाशिमचा."

"ते कुटं आलं?"

"लय दूर हाये. मले आता काही सुचून नाही राहिलं, बाई."

"मले न्हवं, मला," त्या म्हणाल्या. "आनि बाई न्हवं, आक्का. ऊठ. हात बरा हुस्तवर म्हशीच्या खोलीत ऱ्हा."

पेठेतल्या जुन्या घरांत मागच्या बाजूला म्हशी असायच्या. आक्कांच्या मालकांच्या दोन होत्या. ते गेल्यावर म्हशी विकल्या, खोली राहिली. गव्हाण तशीच होती, तिच्यावर फळी टाकून मी झोपायचो. हात दोन महिन्यांत बरा झाला. खोलीत मी सहा वर्षं राहिलो.

आक्का बालवाडीच्या शिक्षिका होत्या. मनगट सैल व्हावं म्हणून त्यांनी मला पाटी दिली आणि दर शनिवारी वाण्याची यादी लिहायला बसवलं. तूरडाळ, गूळ, बेडगी मिरची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की सगळी यादी पुसायच्या. "आक्का, वाण्याला काय फरक पडतो?" असं एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, "वान्याला न्हाय पडत, तुला पडतोय. लिहिलं न्हाय ते हरवलं, आनि वाकडं लिहिलं त्ये दुसऱ्याचं झालं."

ह्या वाक्यातला दुसरा भाग मला फार उशिरा कळला.

त्या यादीवरच मला नोकरी लागली. सुभाषराव म्हणून डेकोरेशनवाले आहेत, त्यांच्या गोडाऊनला सामानाचा हिशेब ठेवणारा माणूस हवा होता. त्यांनी मला समोर बसवून वीस वस्तू सांगितल्या आणि माझा कागद बघून म्हणाले, "आयला, हे अक्षर हाय का छापलंय?" तेव्हापासून मी त्यांच्याकडेच आहे. आधी लग्नाच्या खुर्च्या, पडदे, समया. गेली काही वर्षं मात्र आमचा निम्मा धंदा वेगळाच आहे, आणि तो सांगितला की गावाकडची माणसं हसतात. आम्ही विकायची घरं नटवतो.

म्हणजे असं. कुणाला घर विकायचं असतं. घर रिकामं असलं की ते लहान दिसतं, सोफा मावेल का पलंग मावेल, बघणाऱ्याला अंदाज येत नाही. भरलेलं असलं तर ते दुसऱ्याचं दिसतं. तेव्हा आम्ही घरमालकाचं सामान हलवतो आणि आमचं भाड्याचं सामान लावतो. सोफा, पडदे, आरसे, कुंड्या, भिंतीवरची चित्रं. पडदे खिडकीपासून नाही, छतापासून सोडायचे, म्हणजे खोली उंच वाटते. आरसा उजेडासमोर. आमचा पलंग नेहमीच्या पलंगापेक्षा अर्धा फूट आखूड असतो. त्यावर कुणी झोपणार नसतं, पण खोली मोठी दिसते. बघायला माणसं यायच्या आधी गॅसवर पाण्यात वेलदोडा उकळायचा. घर विकलं गेलं की आम्ही सगळं उचलून आणतो आणि पुढच्या घरात लावतो. ओळख पटावी म्हणून आमच्या प्रत्येक वस्तूला खालून निळ्या ऑइलपेंटचा ठिपका असतो. निळा ठिपका म्हणजे आपलं. यादीत नोंद, वस्तूला ठिपका, आणि ह्या दोन्हीवर माझी नजर.

आमच्या गोडाऊनमध्ये ह्या कामाला 'बघायचा कार्यक्रम' म्हणतात. कागलचे एक म्हातारे पाटील मुलासाठी फ्लॅट बघायला आले होते. त्यांनी भिंतींवर टकटक केली, नळ सोडून बघितले, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "पावणं, घर बेस हाय. पर पावडर पुसल्यावर कसं दिसतंय, त्ये दावा." दुसऱ्या एका बाईंनी कट्ट्यावरच्या काचेच्या बरण्या हातात घेतल्या. सुभाषरावांनी त्यांत रंगीत पास्ता भरून ठेवला होता. "ह्या शेवया कुणी रंगवल्या?" बाईंनी विचारलं, आणि मग खरा प्रश्न विचारला, "रविवारी मटणाचं पातेलं चढवायचं ते कुठल्या शेगडीवर? ही तर चहापुरती हाय." त्या दिवसापासून आम्ही शेगडी मोठी ठेवतो आणि पास्ता बंद केला.

अशा गमती पुष्कळ आहेत. सुभाषराव म्हणतात त्याच लिही, लोकांना हसायला आवडतं. पण मला लिहायचंय ते आक्कांच्या घराबद्दल.

आक्कांचे गुडघे गेले तसं त्यांच्या मुलानं, विजयदादांनी, त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. घर विकायला काढलं. वर्षभर माणसं यायची, बघायची, जायची. आत अंधार, भिंतीला कॅलेंडरं, लोखंडी ट्रंका, दारामागं पोती. मीच आक्कांना म्हणालो, "आक्का, मी नटवून देतो. तुम्ही माझ्यावर सोडा." केवढ्या अभिमानानं म्हणालो होतो. सहा वर्षं त्यांच्या भाकरीवर राहिलेला माणूस आता त्यांच्या उपयोगाला येणार होता.

ट्रंका हलवल्या. मालकांचा फोटो उतरवला, त्याच्यामागं भिंतीवर फिकट चौकोन उमटला होता, तिथं आमचं फुलांचं चित्र लावलं. सुभाषराव स्वतः येऊन बघून गेले. स्वयंपाकघरात कोपऱ्यात आक्कांचा पाटा-वरवंटा होता. काळाभोर दगड, पाट्याला मध्ये तळव्याएवढी खोलगट जागा झालेली, वरवंटा दोन्ही टोकांना हातांनी गुळगुळीत झालेला. सुभाषराव म्हणाले, "हे ठेव रं, मारुती. पाटा भिंतीला टेकव, वरवंटा पुढं ठेव, शेजारी पितळी वाटीत फुलं. पुण्या-मुंबईच्या लोकांना लई आवडतंय." आक्कांचं बाकीचं सामान पुण्याच्या टेम्पोसाठी खोक्यांत भरायचं चाललं होतं. त्या गडबडीत ही जोडी कुणी खोक्यात कोंबू नये, म्हणून मी वरवंट्याला खालून निळा ठिपका लावला आणि यादीत लिहिलं, 'वरवंटा, एक नग'. नंतर रॉकेलच्या बोळ्यानं ठिपका पुसायचा आणि यादीवर काट मारायची, असं मनाशी ठरवलं. पाट्याला ठिपका लावलाच नाही. एवढा जड दगड कोण उचलतोय!

आमच्या धंद्यात आणखी एक नियम आहे. घर बघायला माणसं येतात तेव्हा मालकानं समोर असायचं नाही. मालक दिसला की बघणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या घरात आहोत असं वाटतं. आक्कांना बाहेर कुठं पाठवणार? गुडघे असे. मी त्यांना म्हणालो, "आक्का, अर्धा तास मागं बसाल का?" मागं म्हणजे म्हशीच्या खोलीत. मी खुर्ची नेऊन ठेवली, पंखा लावला, चहा दिला. त्या गव्हाणीवर हात ठेवून बसल्या आणि हसून म्हणाल्या, "पोरगी बघाय पावणं आलं, की बडबड्या आज्जीला आत बसवत्यात. तसंच न्हवं?"

मी पण हसलो. तीन वेळा त्यांना तिथं बसवलं. तिसऱ्या वेळी घर विकलं गेलं.

नव्या मालकांना ताबा लगेच हवा होता, त्यामुळं आक्कांचं सामान आणि आमचं सामान एकाच सकाळी, एकाच अंगणातून निघालं. दोन टेम्पो. मी हातात यादी घेऊन मध्ये उभा. हमाल वस्तू उलटी करून बघायचे, ठिपका दिसला की आमच्या टेम्पोत, नाही दिसला की आक्कांच्या. मी एकेका नोंदीवर खूण करत होतो. 'वरवंटा, एक नग' वरही खूण केली असणार. कागदावर ती आहे. मला आठवत नाही. मी त्या वेळी आक्कांकडं बघत होतो. त्या उंबऱ्याला हात लावून घराला म्हणत होत्या, "येते गं." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "यादी नीट कर." गाडीत बसल्या.

तोवरचं सगळं चूक म्हणता येईल. पुढचं नाही.

पुढच्या आठवड्यात पाचगावच्या रस्त्याला एक नवा फ्लॅट नटवला, ते काम दुसऱ्या माणसाकडं होतं. बघायला आलेल्या नवरा-बायकोला सजावट इतकी आवडली की त्यांनी फ्लॅट सामानासकट मागितला. असं क्वचित होतं, सुभाषराव खुशीत. यादी करायला मला बोलावलं. हमाल एकेक वस्तू उचलून ओरडत होता आणि मी लिहीत होतो. "समई, दोन. आरसा, एक. पितळी वाटी, एक. दगडी वरवंटा, एक."

मी मान वर केली. हमालाच्या हातात तो होता. दोन्ही टोकांना गुळगुळीत. खाली माझा निळा ठिपका.

एवढंच म्हणायचं होतं, "हा आपला नाही." चार शब्द सुद्धा नाहीत. पण शेजारी गिऱ्हाईक उभं होतं, सुभाषराव हसत होते, आणि दोनच दिवसांपूर्वी माझ्या हातून मोठा आरसा फुटून त्यांनी सगळ्यांसमोर मला झापलं होतं. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला दुसरीकडं कोण ठेवणार, ही भीती मला रोज असायची, अजून असते. दुसऱ्याची वस्तू टेम्पोत घातली असं त्या क्षणी कबूल करायचं माझ्या जिभेवर आलं नाही. उद्या सांगू म्हणालो मनात. आणि लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अक्षर छापल्यासारखं. वरवंटा, एक नग.

पंधरा दिवसांनी आक्कांचा फोन. "मारुती, पाटा घावला, वरवंटा घावंना. कुटल्या खोक्यात घातलास?"

"असंल आक्का. त्या भांड्यांच्या खोक्यांत बघा."

"बगते," त्या म्हणाल्या.

महिन्यानं पुन्हा. "न्हाय रं त्यात."

"मग चादरींच्या खोक्यात असंल. गुंडाळून ठेवला असंल कुणीतरी."

अशी मी त्यांना सहा महिने खोकी दाखवत राहिलो. दुसऱ्या दिवशी सुभाषरावांना सांगायचंच, असं दर वेळी ठरवायचो.

मग त्यांच्या नातीला मुलगी झाल्याचा फोन आला. आक्कांचा आवाज मोठा झाला होता. "बाराव्या दिवशी बारसं हाय. वरवंटा घावाय पायजे, मारुती. आमच्या घरात त्याच्याबिगर एक बी लेकरू पाळन्यात गेलं न्हाय."

ज्यांनी बारसं जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला घालतात. त्याला तेल लावायचं, टोपडं बांधायचं, कुंची पांघरायची, आणि बायका त्याला पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देत 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणतात. आधी दगड झोपतो, मग बाळ. बाळ दगडासारखं टणक व्हावं, जे वाईट यायचं ते दगडावर जावं. त्या वरवंट्यामागून विजयदादा पाळण्यात गेले, त्यांची बहीण गेली, ही नात गेली. आक्कांच्या सासूच्या हातचा तो. आणि मी त्याच्या शेजारी पितळी वाटीत प्लॅस्टिकची फुलं ठेवली होती.

त्याच दिवशी सुभाषरावांना सगळं सांगितलं. "मग त्याच दिवशी बोलायचंस की! मी काय खाल्लं असतं व्हय तुला? गिऱ्हाइकाला दुसरा दगड दिला असता." म्हणजे जी भीती सहा महिने माझ्या मानेवर बसली होती तिला पायच नव्हते. "आता जा," ते म्हणाले, "हात जोड आनि घेऊन ये. बदल्यात काय पायजे ते दे म्हण."

गेलो. पाचगावच्या त्या फ्लॅटचं दार घेणाऱ्या बाईंच्या सासूबाईंनी उघडलं. मला बघून सूनबाई आतून म्हणाल्या, "अहो, हेच ते सजावटवाले!" मला बसवलं, चहा टाकला. आमचा सोफा, आमचे पडदे, आमचा आरसा. मात्र सोफ्यावर दुपटी वाळत होती, आरशाला टिकल्या चिकटल्या होत्या, आणि छताच्या कडीला पाळणा. पाळण्यात महिन्याभराची मुलगी.

"तुमचे उपकार झाले बघा," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही आजऱ्याकडची. घर बदलताना आमचा वरवंटा गावाकडंच राहिला. बारशाच्या दिवशी आठवलं. आता ऐन वेळी कुठनं आणायचा? तर सून म्हणाली, आई, कोपऱ्यात हाय की. कुणीतरी आधीच ठेवून गेल्यागत! तुम्ही ठेवलाय म्हंजे शोभेचा असंल वाटलं हुतं, पर हाताला लागला तसं कळलं. लई लेकरं खेळवलेला दगड हाय त्यो."

त्यांनी बोट दाखवलं. देवघराखालच्या कोनाड्यात वरवंटा उभा होता. डोक्याला पिवळं टोपडं, अजून बांधलेलंच. सूनबाई काढू देत नाहीत म्हणे. खाली, कोनाड्यात टेकला होता तिथं, निळ्या रंगाची कड दिसत होती.

मी तोंड उघडलं. पाळण्यातलं लेकरू कुरकुरलं, सासूबाईंनी दोरी ओढली. मी म्हणालो, "चहा चांगला झालाय." तेवढंच बोलून उठलो.

रस्त्यावर येऊन तिथल्या तिथंच आक्कांना फोन लावला. एका दुकानाच्या पायरीवर बसलो. ठिपका, टेम्पो, यादी, खोक्यांचं खोटं, आणि आत्ता बघितलेलं, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी अडवलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "टोपडं कंच्या रंगाचं?"

"पिवळं, आक्का."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"ऱ्हाऊ दे तितंच. लेकराच्या आदी पाळन्यात गेलेला दगुड त्या घराचा झाला. आनू नगंस. सांगू बी नगंस त्यास्नी."

"आक्का, मी चुकलो."

"टेम्पोत चुकून घातलास त्याचं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "पर म्या ह्या गुडघ्यानं सहा म्हैनं खोकी उगडली रं, मारुती."



बारशाला आक्कांनी नारळाला टोपडं बांधलं. मला आमंत्रण होतं, मी गेलो. कुणी मला काही बोललं नाही. उलट आक्कांनी सगळ्यांना सांगितलं, "ह्यो आमचा वाशिमचा." जेवताना पहिली पुरणपोळी मला वाढली.

आता मी काम वेगळ्या तऱ्हेनं करतो. ठिपक्याचा डबा उघडायच्या आधी घरमालकाच्या म्हातारीला विचारतो, "आक्का, ह्यातलं काय हलवायचं नाही ते सांगा." ते सगळं पांढऱ्या दोऱ्यानं बांधतो. माणसं बघायला येतात तेव्हा म्हाताऱ्या माणसांना मागच्या खोलीत बसवत नाही. मी त्यांना आमच्या सोफ्यावर बसवतो. सुभाषराव म्हणतात, "अरं, घर जुनं दिसतंय." दिसू दे.

पुण्याला आक्कांच्या बाल्कनीत तो पाटा आहे. त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. बारशाच्या दिवशी सगळे आत असताना मी कुंडी बाजूला केली आणि खोलगट भागावर दोरा धरून माप घेतलं. लांबी, रुंदी, आणि मधली खोली बोटानं. आमच्या वाशिमकडं एक म्हातारे पाथरवट आहेत, त्यांना ते माप दाखवलं. ते म्हणाले, "दगड घडवून देईन. पण जुन्या पाट्याला नवा वरवंटा लागलीच बसत नसते, बापू. त्याले घासा लागते. हाताची सवय व्हा लागते."

दगड घडून आलाय. सध्या माझ्या खोलीत आहे. फरशीवर वाळू आणि पाणी घेऊन दोरा लावून लावून मी तो घासतो, रोज थोडा. दोन्ही टोकं अजून खरखरीत आहेत, तळव्याला लागतात. हातानं गुळगुळीत व्हायला किती दिवस लागतील माहीत नाही. पण नातीच्या मुलीच्या पाठचं लेकरू येईल तेव्हा त्याच्या आधी पाळण्यात हा दगड जाईल, एवढं मी आक्कांच्या नावानं इथं लिहून ठेवतो. तुमच्या सासूबाईंच्या हाताची सर त्याला येणार नाही, आक्का, ते मला कळतं. तरी तुमच्या पाट्यावर नीट बसेपर्यंत मी घासत राहीन.

ठिपका लावलेला नाही. यादीतही लिहिलेला नाही. तुळशीची कुंडी तेवढी बाजूला करून ठेवा, आक्का. येतो.